मोटार बंद केली का?

दौंड, गुरुवार, संध्याकाळ

आज मार्थाकडं, माझ्या बायकोकडं, मान वर करून बघवेना. घरच्या प्रार्थनेला बसल्यावर रूथला म्हटलं, "आज तू प्रार्थना कर, बाळा." सात वर्षांची पोर, हात जोडून, डोळे मिटून बसली. "हे स्वर्गीय पित्या, तू आम्हाला आजचा दिवस दाखवलास..." सगळं माझंच, माझ्याच सुरात. मग मध्येच एक डोळा उघडून, "मोटार बंद केली का गं?" आन् लगेच डोळा मिटून, "येशूच्या नावानं मागतो, आमेन."

मी हसलो. मार्था हसली नाही.

रूथ बावरली. "पप्पा, चुकलं का? तुम्ही तर रोज म्हणता."

रोज? व्हय, रोजच. टाकी भरून वाहील, म्हणून जीव तिकडंच असतो. मार्था हळूच म्हणाली, "मोटार मी प्रार्थनेआधीच बंद करते. कितीदा सांगितलं तुम्हाला."

कधी सांगितलं? ऐकलंच नसेल मी.

आन् रविवारी चर्चमध्ये मीच बोलणार, प्रार्थनेत घरच्या बापानं पुढं कसं असावं यावर! पाळकसाहेबांना नाही म्हणू का?

आत्ता एकटाच प्रार्थनेला बसलो होतो. दोन वाक्यं झाली, आन् कान परत टाकीकडं.