नट आवळायला परत या

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सगळ्यांत आधी कोण आलं म्हणाल तर पाद्रीबुवा. रात्री पहिला बर्फ पडला आणि उजाडायच्या आत हे दारात हजर. गाडीचे टायर त्यांच्या टकलासारखे गुळगुळीत. माझा मुलगा राइचो म्हणाला, बुवा, या टायरांवर घाट चढायचा तर देवालाच मागून ढकलावं लागेल. बुवा म्हणाले, गेली कित्येक वर्षं तोच ढकलतोय, तू नवे बसव नि त्याला जरा सुट्टी दे. मी हसून हसून बाकावरच बसले. त्यांच्या मागोमाग शाळेची बाई, मग दूधवाला, मग नुसती रांग. उन्हाळाभर सगळे झोपलेले असतात, बर्फ पडला की सगळ्यांना टायर आठवतात.

मी परवाच आले इथे. आम्ही सपाटीवरची माणसं, आम्हाला हा घाट म्हणजे कोणीतरी डोक्यावर वाकून बघतंय असं वाटतं. पण खाली मुलाचं गॅरेज, वर त्याच्या दोन खोल्या, आणि सून स्विलेना दिवस भरत आलेली. माझं पहिलंच नातवंड. आनंदाने पाय जमिनीवर ठरत नाहीत. ही डायरी टायरवाल्यांनी राइचोला फुकट दिली, ती त्याने मला दिली. म्हणाला, आई, तू माझे कान खातेस, थोडे हिचेही खा. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, पण लिहिते.

आज बरंच शिकले. उन्हाळ्याचं रबर थंडीत लाकूड होतं, थंडीचं रबर मऊच राहतं आणि खाचांनी बर्फ धरतं. काच धुवायच्या पाण्यात निळं औषध घालायचं, नाहीतर ते गोठतं. बॅटरी बघायची, बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या डिकीत टाकायच्या. आणि चाक बसवलं की जरा गाडी चालवून परत यायचं, नट पुन्हा आवळायला. नवं चाक बसतं, तेव्हा नट थोडे सैल पडतात. प्रत्येक गिऱ्हाइकाला राइचो हेच सांगतो, परत या बरं का. निम्मे येतच नाहीत म्हणे.

बुधवार, २० नोव्हेंबर

आज मैत्रीण मिळाली. हिरव्या जुन्या गाडीतून विदा आली, माझ्याच वयाची, तिचा मुलगा ओग्न्यान गाडी चालवत होता. घाटापलीकडे लेकीकडे निघाले होते. विदाचे गुडघे दुखतात, म्हणून ती मागच्या सीटवरच बसून राहिली आणि मी खिडकीशी उभी. काय बोललो नाही आम्ही! तिचे गुडघे, माझे गुडघे, कोबी कधी खारवायचा. मी तिला सगळं सांगून टाकलं, स्विलेनाला कुठला महिना, शहरात कुठल्या दवाखान्यात नाव घातलंय, बाळ कुठल्या रस्त्याने घरी येईल. ती म्हणाली, दोना, तुझ्या तोंडाला नट आहे का गं, की तो पण सैल? मी तिला ताज्या बानित्सेचा, आमच्या चीज भरलेल्या भाजक्या पोळीचा, तुकडा दिला, चीज अजून वाफाळत होतं. तिने तो रुमालात घेऊन मांडीवर ठेवला.

बाकीची बानित्सा निवत होती. मी राइचोला हाक मारली. तो म्हणाला, आई, शेवटचं चाक राहिलंय. मी म्हटलं, चाक कुठे पळून जात नाही, आधी जेव. ओग्न्यानही म्हणाला, जा बाबा, आई रागावेल. राइचो जेवून खाली गेला तोवर ते निघून गेले होते. जॅक, पाना सगळं नीट जागेवर ठेवलेलं. चांगल्या घरची माणसं. शुक्रवारी नट आवळायला येतो, असं रांगेतल्या एकाला खिडकीतून ओरडून सांगून गेले म्हणे.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आले. शब्दाची माणसं. पण आज विदा कमी बोलली. गाडीत हीटर बंद पडला असावा, काचांना आतून बर्फ धरला होता. मी म्हटलं वर चल, लिंडनच्या फुलांचा चहा देते. नको म्हणाली, उतरवत नाही. राइचोने नट आवळले. वर येऊन म्हणाला, आई, चारही चाकांचे नट बोटाने फिरत होते, असं कधी होत नाही.

लांब दांड्याच्या पान्याने त्याने आवळून दिले. कट्ट असा आवाज होईपर्यंत. मी ऐकला.

रविवार, २४ नोव्हेंबर

बर्फगाडीवाला त्सान्को, घाटातला बर्फ काढणारा, आला होता. मला दोनामावशी म्हणतो, फळांची दारू, राकिया मागतो. बोलता बोलता म्हणाला, गुरुवारी सकाळपासून घाट बंद आहे, आडवा खांब मी स्वतः टाकलाय, किल्ली माझ्या खिशात. वरून कोणी आलं नाही, खालून कोणी गेलं नाही.

मी म्हटलं, शुक्रवारी विदा घाटावरूनच आली की. तो म्हणाला, मावशी, एक पेला मलाच पुरे, तुम्ही नका घेऊ.

तो गेला आणि गाडी आली. वरून. मी खिडकीशी गेले. विदाच्या मांडीवर तोच रुमाल, त्यात तोच तुकडा, दगडासारखा. मी विचारलं, खाल्ली नाहीस का गं. ती म्हणाली, वेळच मिळाला नाही.

नट परत सैल. राइचोने आवळले. गाडी गेल्यावर तो वाकून रस्ता बघत राहिला. ताजा बर्फ होता. चाकांची एकही खूण नव्हती.

सोमवार, २५ नोव्हेंबर

त्सान्कोला वळणाच्या खाली दरीत गाडी सापडली. हिरवी. वर बुधवारपासूनचा बर्फ साचलेला. दोघं आत. पुढचं एक चाक नाही, ते वर रस्त्याच्या कडेला मिळालं.

त्सान्कोने टोपी काढून सांगितलं. राइचोने हातातला पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, शेवटचं चाक मी फक्त हाताने लावलं होतं. त्यांना वाटलं झालं.

मी त्याला जेवायला बोलावलं होतं. मी. तो म्हणाला, आई, नको. तसं म्हणू नकोस. पण माझ्याकडे बघितलं नाही त्याने.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

पहाटेच स्विलेनाला कळा. राइचो तिला शहरात घेऊन गेला. चारही चाकांचे नट दोनदा आवळले त्याने, मग पुन्हा एकदा. स्विलेना गाडीतून ओरडत होती, अहो, इथेच होईल माझं.

बरं झालं गेले. दुकानाला कुलूप लावलं. पाद्रीबुवांना बोलावलं, त्यांनी दारावर पाणी शिंपडलं. ते दारावरच गोठलं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

आले. कुलूप तसंच, आणि गाडी आत, जॅकजवळ उभी—

विदाने काच खाली केली. ओग्न्यान समोर बघत होता, मान थोडी वाकडी. विदा म्हणाली, नट काही राहत नाहीत गं. इथे आवळतो, वर जाऊन सैल. राइचोने आमच्याबरोबर यावं, तिथेच बसून आवळावं.

मी खोटं बोलले. म्हटलं राइचो समुद्राकडे कामाला गेला, आता येत नाही. विदा हसली. म्हणाली, दोना, तूच तर सगळं सांगितलंस. दवाखाना, रस्ता, बाळ.

मी म्हटलं मला ने. मीच हाक मारली होती त्याला. मला ने, मी बसते तुझ्याशेजारी. ती म्हणाली, तुला पाना धरता येतो का?

मग मांडीवरचा रुमाल उचलून ती सीटवर सरकली. म्हणाली, त्याच्यासाठी जागा करते. बाळही आणलं तर आणू दे, मांडी रिकामीच आहे.

कधी येणार तेही सांगून गेली.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

मुलगी झाली. राइचोचा फोन. म्हणाला नाक तुझ्यावर गेलंय. मी रडले. उद्या, शुक्रवारी, घरी सोडताहेत.

म्हटलं येऊ नका. सगळं सांगितलं. फोनवर मागे बाळ रडत होतं. मग म्हणाला, आई, माझंच काम राहिलंय ते. तू दोघींना वर घेऊन जा, दार लाव. मी जातो त्यांच्याबरोबर. नट आवळून दिले की सोडतील.

सोडणार नाहीत. ओरडून सांगितलं. फोन कट. परत लावते, उचलत नाही. त्सान्कोकडे गेले, तो वर बर्फ काढतोय. चालत शहराकडे निघाले, पुलापर्यंत गेले, गुडघे चालेनात, परत आले—

पुन्हा लावते. वाजतोय, उचलत नाही, म्हणून इथेच लिहून ठेवते.

राइचो, येऊ नकोस, विदा म्हणाली आहे, आम्ही शुक्रवारी येतो, शुक्र—