काळीखालची परकी अंडी

आई, तू गेल्यानंतर तुझ्या काळ्या कोंबडीच्या वंशातली आता एकच उरली आहे. परवा ती दिसेनाशी झाली, तेव्हा माझा संशय थेट तुझ्या सुनेवर गेला. पापनाशमच्या बाजारातून तिने नव्या जातीची पिल्लं आणली. विकणारा मला म्हणाला होता, "अंड्यालाही हीच, रश्श्यालाही हीच. आणखी काय पाहिजे, सर?" मला तिथेच खटकलं. दोन्ही कामं करीन म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, ही तुझीच शिकवण. सून शाळेत शिकवून घरही सांभाळणार म्हटल्यावर तू तिने केलेल्या भाताचं शीत रोज बोटाने दाबून पाहायचीस.

खोटं कशाला बोलू, पिल्लं अंगाने भरली, तपकिरी अंडी द्यायला लागली. पण खोट मी हुडकलीच: अंडं घातलं की उठून चालू लागतात, खुडूक होऊन अंड्यांवर बसणं त्यांना ठाऊकच नाही. तसं ऐकवलं, तर ही म्हणाली, "आणि तुमची काळी? मोजकी अंडी, बाकी नुसतं बसणं. दिवाळीला पाहुणे आहेत, बघा." मग टोपलीतली तपकिरी अंडी कमी होऊ लागली, आणि एके दिवशी काळीच नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यांवरची झाकणं उचलू लागलो. एकात शेवग्याचं सांबार, दुसऱ्यात भात.

"काय हुडकताय?"

"काळी कुठाय?"

"तुमच्या पोटात नाही, घाबरू नका. या."

भाताच्या कणगीमागे, तुसाने भरलेल्या टोपलीत, काळी पिसं फुगवून बसली होती. खाली तपकिरी अंडी. कडेला कोळशाचा तुकडा आणि लाल मिरची.

तू तशीच ठेवायचीस. बाहेर आभाळ गडगडतंय, अंडी नासू नयेत म्हणून तू टोपलीत कोळसा खोचतेस, नवी नवरी तोंडाला पदर लावून हसते, आणि तू मागे न बघता म्हणतेस, "शिकलीस म्हणून अंड्यांना गडगडाट ऐकू यायचा थांबत नाही." मला वाटायचं, ती ते कधी विसरणार नाही. विसरली नाहीच. घरात आता गॅस. कोळसा तिने इस्त्रीवाल्याकडून मागून आणला होता.

"पाहुण्यांना काय?" मी विचारलं.

"नव्यातला कोंबडा. हिला आता काम आहे." मग टोपलीकडे बघत म्हणाली, "तुमच्या आईसारखीच आहे. परकं असलं की आधी टोचून बघते, मग पंखाखाली घेते."

नव्या जातीवर माझा अजून विश्वास नाही. पिल्लं कोणाच्या वळणावर जातील, देव जाणे. आपली मराठी अक्षरं तू मला पोथीवरून शिकवलीस, ही तमिळ शाळेत शिकलेली, तिला ती वाचता येत नाहीत, म्हणून इथेच लिहून ठेवतो: काल शुक्रवारी कालव्याकाठच्या देवापुढे दिवा लावला, तेव्हा काळीसाठी मागायला गेलो होतो. मागितलं मात्र त्या तपकिरी अंड्यांसाठी.