शांत माणसाचं इंजिन

३ मार्च, सकाळी ७
आजपासून राग बंद. कायमचा.
काल टीव्हीचा रिमोट भिंतीवर आपटला. तो तसाही बिघडलेलाच होता. त्यावर बायकोनं सुनावलं की या महिन्यात घरातली एक जरी वस्तू फुटली, तर ती मुलीला घेऊन दादाकडे जाणार. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. माझा मेहुणा. गाड्यांच्या शर्यतीत मला दोनदा हरवलेला. वर म्हणतो, तुमची गाडी भाजी आणायला छान आहे.
म्हणजे रागाचं मूळ माझ्यात नाहीच, इंजिनात आहे. इंजिन नव्यानं बांधायचं, २४ तारखेला जुन्या धावपट्टीवर मेहुण्याला धूळ चारायची, की राग आपोआप खलास. हे बायकोला अगदी शांतपणे समजावलं. ती म्हणाली, ओरडू नका, मुलगी झोपलीय.

५ मार्च
हेड गॅस्केट आणलं. गाड्यांचा मिस्त्री म्हणत होता, इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्या मधला हा पत्रा जाड घ्या, दीड मिलिमीटरचा. हेड घासून आधीच खाली आलंय. वर पत्राही पातळ घातलात तर उघडलेला व्हॉल्व्ह खाली आणि पिस्टन वर, दोघांची टक्कर. चाळीस वर्षं हेच काम करतोय आणि अजून सायकलवर फिरतो.
मी पाऊण मिलिमीटरचा घेतला. पत्रा पातळ, जागा कमी, दाब जास्त, ताकद जास्त.
दुकानदारानं विचारलं, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली फट मोजलीय का? मी काउंटरवर बोट ठेवून मुद्दा समजावला. बोट जरा जोरात ठेवलं गेलं. काच गेली. हाताला चार टाके. काच घराबाहेरची, त्यामुळे धरायची नाही. दवाखान्यात रक्तदाब मोजला. मशीन बिघडलेलं असावं.

८ मार्च, दुपारी
आज फट मोजली. पद्धत मिस्त्रीची. पिस्टनच्या डोक्यावर खेळायच्या मातीची चकती ठेवायची, हेड बसवायचं, बोल्ट आवळायचे आणि इंजिन हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचं. मग उघडून माती ब्लेडनं कापायची आणि जिथं सगळ्यात पातळ झाली तिथं मोजायची. दोन मिलिमीटर तरी उरायलाच हवी.
माती मुलीच्या खेळण्यातून घेतली. मागितली नाही, कारण ती हल्ली मला बघितलं की अभ्यासाला बसते. अभ्यासू आहे. माझ्यावर गेलीय.
फेरी एकच मारली. एकात कळतं त्याला दोन कशाला? माती जशीच्या तशी, पाच मिलिमीटर! मिस्त्री भित्रा आहे. मोजलं तेव्हा आत जुनं जाड गॅस्केट होतं. पण एवढ्या तेवढ्यानं काय होतंय?

१२ मार्च
पातळ गॅस्केट घालून अंतिम जोडणी. हातानं फिरवून पाहिलं. अर्ध्यावर अडलं.
मिस्त्रीचं म्हणणं, अडलं की थांबायचं, इंजिन काहीतरी सांगत असतं. मला सांगणारं इंजिन अजून जन्माला यायचंय. पान्याला चार फुटी पाइप लावला आणि लोंबकळलो. आतून कट्ट असा आवाज आला. मग गरगर फिरायला लागलं. लोखंडालाही मालक कोण ते एकदा कळावं लागतं.
मी तोंडानं काय बोलत होतो ते आठवत नाही. वर बघतो तर बायको स्वयंपाकघराची खिडकी लावून घेत होती. थंडी वाजत असेल.

१४ मार्च
चालू केलं. खोकलं, कार्ब्युरेटरमधून ज्वाळा आली, उजवी भुवई गेली. पुन्हा चालू केलं. पुन्हा ज्वाळा. बादलीला लाथ मारली. बादली पत्र्याची, भरलेली. अंगठ्याचं नख गेलं. बादली घरातली की गॅरेजमधली, हा वादाचा मुद्दा आहे, पण ती फुटली नाही, फक्त चेपली.
हेड उघडलं. पिस्टनवर नखासारख्या खुणा. गॅस्केट बोगस निघालं, दुसरं काय!

१५ मार्च
दुकानदाराला गॅस्केट परत दिलं. ते त्याच्या गालाला लागलं, हा योगायोग. कडा धारदार होती. म्हणाला, माप तुम्हीच सांगितलंत. नाचता येईना अंगण वाकडं! मी कॉलर धरली, त्यानं माझी धरली, रॅक आम्हा दोघांवर आलं. दोन बेअरिंगचे खोके माझ्या डोक्यात. माणूस हिंसक आहे. अशा लोकांना दुकानाचा परवाना कोण देतं?

१६ मार्च, संध्याकाळी
दुकानदार पोलिसात निघाला होता. मेहुण्यानं मध्ये पडून मिटवलं. मला न विचारता! आज गॅरेजमध्ये आला आणि म्हणाला, भावोजी, मदत लागली तर सांगा.
तळपायाची आग मस्तकात गेली. बोल्ट आवळायचा लांब पाना, टॉर्क रेंच, फेकला. त्याच्या अंगावर नाही, बाजूला. माझा नेम चांगला आहे, मारायचा असता तर लागला असता. बाजूला घराची खिडकी होती. खिडकीमागे मुलगी गृहपाठ करत होती.
कानाला खरचटलं फक्त. खिडकी ही वस्तू नव्हे, इमारतीचा भाग आहे. हे सांगायला आत गेलो. बायको कंगव्यानं तिच्या केसांतल्या काचा काढत होती. मग बॅग भरली. मेहुण्याच्या गाडीतून गेल्या.
दोन दिवसांत येतील.

२० मार्च
आल्या नाहीत. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं व्हॉल्व्ह काढून काचेवर लोळवले. चारही लंगडत होते. म्हणाला, हे चालत्या इंजिनात वाकलेले नाहीत. तसं असतं तर पिस्टनला भोक पडलं असतं. हे हातानं वाकलेत. सावकाश. कुणी लावला एवढा जोर?
मी गॅस्केटचा विषय काढला. त्यानं विचारलं, माती ठेवून फेऱ्या किती मारल्या? दोन, म्हटलं. तो बघत राहिला. एक, म्हटलं. म्हणाला, दोन फेऱ्यांत एकदाच व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या इतके जवळ येतात. तुम्ही नेमकी ती सोडून उरलेली फेरी बघितलीत.
ओरडायला तोंड उघडलं. घरात ऐकायला कुणी नव्हतं. मिटलं.

२४ मार्च
शर्यतीला गेलो नाही. मेहुणाही गेला नाही म्हणे. मुलीला कानाचं ड्रेसिंग करायला घेऊन गेला होता.

२९ मार्च
नवे व्हॉल्व्ह. जाड गॅस्केट. फेऱ्या दोन, सावकाश. अडल्यासारखं वाटलं तिथं थांबलो, पाना खाली ठेवला, पाणी प्यालो. माती कापली. दोन मिलिमीटर आणि वर थोडं. दिवसभरात काही फेकलं नाही. मी बदललो. आता हे घरच्यांना कळलं की झालं.

३० मार्च
मेहुण्याकडे गेलो. बायको बाहेर आली नाही. मुलगी दारात आली. कानाला पट्टी. मी म्हटलं, इंजिन झालं, फट बरोबर आली. तिनं हळूच विचारलं, केवढी असते? इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. मला इतका आनंद झाला की चिमटीत दाखवायला मी पटकन हात वर केला.
तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि खाली बसली.
मी फक्त दोन मिलिमीटर दाखवणार होतो. हात बराच वेळ वरच राहिला. मग मेहुण्यानं दार लावलं. हळूच लावलं, आवाज न करता.