उरलं फक्त वर्ष

सोमवार, ४ मार्च २०२४, सकाळी ९.१२.३०

नवी नोकरी! टेबल खिडकीशी, खुर्ची फिरती, चहा फुकट. आणखी काय हवं? वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रांमधून तारखा येतात, प्रत्येकीचे नखरे वेगळे. कुणी महिना आधी लिहितं, कुणी दिवस. मी फॉरमॅटची एक ओळ लिहायची आणि सगळ्या डेटाला शिस्त लावायची: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ठकी माझी मुलगी, अजून वर्षाचीही नाही. तिला माझी आई सांभाळतेय. पोरगी पलंग धरून उभी राहते, मधेच हात सोडते आणि धपकन बसून स्वतःवरच खूश होते. पहिलं पाऊल मी बघणारच, मग भले नव्या नोकरीत रजा मागावी लागो.

बुधवार, ६ मार्च २०२४, संध्याकाळी ६.०५

मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, म्हणाल्या की सेकंद कुणी वाचत नाही, उगाच जागा खातात. फॉरमॅटमधून काढून टाकले. थोड्या वेळाने पाहते तर भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा गायब. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, तो कधी नव्हताच. घरी ठकी उभी असते, मग बसलेली असते. मधलं धपकन कुठे गेलं? दमले असेन.

शुक्रवार, ८ मार्च २०२४, दुपारी ३

काल मिनिटंही काढायला लावली. आता दोन वाजतात आणि थेट तीन. मधलं विसरते असं नाही, मधे काही नसतंच. घास हातात, मग एकदम डबा धुतलेला. मॅडमना तोंडावर सांगितलं की यापुढे एक अक्षर काढणार नाही, उलट मिनिटं परत टाकणार. त्या चिडल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "जे ठेवायला जागा नाही, ते घडायला तरी कशाला हवं?"

मी मिनिटं परत लिहिली. डोळ्यांदेखत पुसली गेली.

१२ मार्च २०२४

तास त्यांनी स्वतःच काढले. उठले आणि झोपले, झाला दिवस. आई म्हणते, ठकी चालली. कधी, विचारलं. आज, म्हणाली. आज कधी? तिला सांगता येईना. माझ्या पोरीचं पहिलं पाऊल चोरलं यांनी. सोडणार नाही.

एप्रिल २०२४

दिवसही काढले. ठकी बोलते. पहिला शब्द कुठला, आईलाही माहीत नाही. माझा पासवर्ड बंद केला — दुसऱ्याचा मिळवला. रोज लिहिते, रोज पुसतात — रोज तरी कुठे उरलं —

२०३१

महिनेही नाहीत. ठकी शाळेच्या गणवेशात. मी पाहुणी असल्यासारखी लाजते. आईची खोली रिकामी — केव्हा — कुणाला विचारू. मॅडमचा एक केस पिकलेला नाही. बाई म्हणते, आता वर्षही जड होतंय. काढून तर दाखव —

—

ऑफिसचं दार मी आतून लावलंय. बाहेरून कुणी ठोठावतंय, पोक्त आवाज. "आई, पुरे आता. घरी चल."

येते गं. रिकाम्या हातांनी नाही येणार. वर्ष — पुसलं. पुन्हा. वर्ष, महिना — पुन्हा पहिल्यापासून — वर्ष महिना दिवस तास मिनिट — राहतंय, या खेपेला राहतंय, ठकी, थांब, से