अप्पांच्या घड्याळावरचे बेलपान

३ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ७.१०
नांदेडच्या दोन दिवसांच्या शिबिरात मीनाकामाचे सर्टिफिकेट मिळाले. स्वतःस कारागीर म्हणण्यास आता हरकत नसावी. जगदेवीच्या दिवंगत वडिलांचे, अप्पांचे, घड्याळ कपाटातून काढले. डायलवर बेलपान कोरून त्यात हिरवा मीना, म्हणजे रंगीत काचेची पूड, भरून भट्टीत भाजणार. राखीपौर्णिमेस तिला सरप्राइज. पत्नीची वस्तू न विचारता घेणे म्हणजे चोरी नव्हे. घरातल्या घरात ट्रान्सफर.

६ ऑगस्ट
कोरीवकाम पूर्ण. तीन पाने, प्रत्येकी चार मिलिमीटर. तिसरे किंचित भेंडीसारखे. रंगात लपेल.

८ ऑगस्ट
डायल पितळेचा निघाला. शिबिराच्या पुस्तिकेत, पान नऊवर, तांबेच हवे असे स्पष्ट आहे. परंतु पितळेत पासष्ट टक्के तांबेच असते. बहुमत तांब्याचे आहे.

९ ऑगस्ट. दुपारी ३.४०
भट्टी आठशे अंश. मीना पापडासारखा फुगला, मग सुटून पडला. डायलचा द्रोण झाला. तापमान मात्र अचूक होते.

११ ऑगस्ट
जगदेवीने घड्याळ शोधले. गेल्या आठवड्यात तिचा धाकटा भाऊ उमाशंकर शिरूर अनंतपाळहून येऊन गेला होता. त्यालाच फोन. म्हणाली, 'अप्पाचं येवढं एकच माझ्याकडं होतं रे, तेबी नेलास?' तो शपथा घेत होता, ते मलाही ऐकू येत होते. दोघेही भावनेच्या भरात. मध्ये बोलणे अप्रशस्त वाटले.

१४ ऑगस्ट
यंदा त्याला राखी बांधणार न्हाई, म्हणते. मला जेवण गेले नाही. उद्या सर्व सांगायचे. ठरले.

१५ ऑगस्ट
राष्ट्रीय सण. आज असले विषय नकोत.

१६ ऑगस्ट
तिचे डोके दुखत होते. माझेही.

१९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा
उमाशंकर आला. दारातूनच म्हणाला, 'अक्का, मीच नेलतो. यष्टीत हरवलं. चार शिव्या दे, पर राखी बांध.' तो खोटे बोलतो आहे हे घरात दोघांनाच ठाऊक होते. दुसरा मी.
जगदेवी रडली. राखी बांधली. त्याने भरपाई म्हणून आणलेले नवे घड्याळ तिने माझ्याकडे सरकवले. म्हणाली, 'ह्यांच्या हातात राहू दे. ह्यांच्याकडून काय हरवत न्हाई.'
उमाशंकरने ते स्वतः माझ्या मनगटावर बांधले. 'दाजी, तुमी लई बारीक बघता. टाइम बरोबर हाय का बघा.'
भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिला. बरोबर आहे, म्हणालो.
आज एवढेच खरे बोललो.