विरघळून गेलेला थर

ताई, नमस्कार. मी धडधाकट आहे, पण डोकं भडकलंय.

वर्षभर खपून काचेवर एक पातळ थर बनवला होता. तो पाण्यात कसा विरघळतो, ते त्याच्यावर आपटून परतणाऱ्या न्यूट्रॉन कणांवरून कळणार होतं. काल तो पाण्यात सोडला आणि साहेबांनी न्यूट्रॉन सोडणाऱ्या यंत्रावरची माझी पाळी प्रयोगशाळेत आलेल्या पाहुण्या शास्त्रज्ञांना देऊन टाकली.

“साहेब, थर विरघळायला लागलाय.”

“मग दुसरा बनव. एवढं काय त्यात?”

पाहुण्यांचं आटपेपर्यंत नुसती काच उरली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “पाहुणचार तुम्ही केलात, वर्ष माझं गेलं.” आज संचालकांकडे तक्रारही दिली.

नोकरीचं बघू. आईचा गुडघा कसा आहे? तिला एवढंच सांग, मी वेळेवर जेवते.

तुझी, अजून धुमसत असलेली,
धाकटी