मधमाशीचा मेंदू आणि माझा उजवा हात

अण्णा, परवा मधमाशीचा मेंदू काढताना माझा उजवा हात थरथरला. तिळाएवढा मेंदू तो, चिमट्याचं टोक रुतलं आणि फाटला. शेजारी उभी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, जेवला नाहीत का आज?" मी "नाही गं" म्हणाले. पोटभर जेवले होते.

तुम्ही गेल्यावर तुमची लेक काय करायला लागली ते तुम्हाला ठाऊक नाही. इथं धाराशिवच्या कॉलेजात मी कीटकांचे मेंदू ताडून बघते. मधमाशी, झुरळ, येडशीच्या शिवारातला रातकिडा. वास आणि आठवण सांभाळणारा भाग मधमाशीत केवढा मोठा, रातकिड्यात लहान. पण डोपामाइन, म्हणजे एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारं रसायन, ते बनवणाऱ्या पेशी तिघांतही मूठभरच, आणि बऱ्याचशा त्याच त्या जागी. रंग दिला की हिरव्या ठिपक्यांसारख्या उजळतात. हल्ली ते ठिपके मी दोनदोनदा मोजते. माणसातही त्या थोड्याच असतात, आणि तुमचा कंपवात म्हणजे त्यांचंच एकेक करून मरणं होतं.

तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. कळंबच्या दुकानात तुम्ही डोळ्याला भिंग लावून बसलाय, मी शेजारी स्टुलावर. घड्याळाचा स्क्रू चिमट्यातून तिसऱ्यांदा निसटतो. गिऱ्हाईक बघतंय. मला लाज वाटते आणि मी त्याच्यादेखत खेकसते, "अण्णा, नीट धरा की!" तुम्ही भिंग काढता. "धरतोय की गं. हातच ऐकंना." गिऱ्हाईक घड्याळ उचलून निघून जातं. त्याच आठवड्यात तुम्ही तो चिमटा माझ्या हातात ठेवलात. म्हणालात, "तुझा हात हलका हाय, तुलाच असू दे." त्यानंतर तुम्ही एकही घड्याळ उघडलं नाही.

काल डॉक्टरांकडं गेले. त्यांनी बोटांची उघडझाप करायला लावली, चालून दाखवायला सांगितलं. मग कागद पुढं सरकवला. "दोन ओळी लिहा. या आजारात अक्षर बारीक होत जातं." मी पेन उचललं, आणि फोन आलाय म्हणून बाहेर पडले ते थेट बसस्टँडवर. फोन आलाच नव्हता. घरी सांगितलं, डॉक्टर भेटले नाहीत.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तरी तुम्हाला खरं सांगते. आधी ते वहीत लिहायला घेतलं होतं. तीन ओळी झाल्यावर वही मिटली आणि कॉम्प्युटरवर येऊन बसले. ती वही मी अजून उघडून बघितलेली नाही.